जुने नाणे ग्रेडिंगसाठी पाठवण्यापूर्वी आणि पाठवताना: नाशिकच्या संग्राहकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नाण्याची प्रतवारी करणारी, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट ग्रेडिंग म्हणतात ते करणारी कंपनी मुख्यतः तीन गोष्टी तपासते: नाणे अस्सल आहे का, ते किती झिजले आहे आणि त्याच्या पृष्ठभागाला कोणी हात लावला आहे का. ते नेमके कोणत्या छापाचे आहे, हा चौथा प्रश्नही कंपनी आपणहून सोडवून देईल अशी अनेकांची समजूत असते आणि निराशा बहुधा तिथेच पदरी पडते. अर्जावर ‘एक रुपया, १८६२’ एवढेच लिहिले, तर लेबलावरही बहुतेक वेळा तेवढेच छापून येते. तो छाप दुर्मिळ असला तरी त्याची नोंद होत नाही. शुल्क, टपाल आणि विमा यांचा विचार त्यानंतरचा आहे. खरे काम घरच्या टेबलावर, वजनकाटा आणि भिंग घेऊन करायचे असते, म्हणून या लेखात त्यालाच अधिक जागा दिली आहे.

पाठवण्याजोगे नाणे कोणते

नाशिकच्या जुन्या वाड्यांतून आणि आसपासच्या तालुक्यांतून बाहेर येणारी बरीचशी चांदीची नाणी देव्हाऱ्यातली असतात. दर लक्ष्मीपूजनाला त्यांना हळदकुंकू लागलेले असते आणि नंतर ती चिंचेने किंवा रांगोळीने घासून लख्ख केलेली असतात. काही नाणी एके काळी गळ्यातल्या माळेत होती. त्यांच्या कडेवर कडी डागल्याचा टाका स्पष्ट दिसतो. घराण्याची ठेव म्हणून या नाण्यांचे मोल वेगळेच आहे, परंतु ग्रेडिंगच्या दृष्टीने त्यांना अंकात प्रत मिळत नाही. लेबलावर ‘डिटेल्स’ असा शेरा आणि त्यापुढे ‘साफ केलेले’ किंवा ‘कडी काढलेली’ अशा अर्थाचे कारण छापले जाते. असे नाणे विकण्यासाठी म्हणून पाठवण्यात सहसा अर्थ नसतो. अपवाद अतिदुर्मिळ नाण्याचा, कारण तिथे ते अस्सल असल्याचा दाखलाच पुरेसा असतो.

साधी, भरपूर पाडलेली नाणीही घरीच ठेवावीत. पंचम जॉर्जचे १९१७ आणि १९१८ चे रुपये प्रचंड संख्येने पाडले गेले आणि त्यांतील झिजलेल्या रुपयाला चांदीच्या भावापेक्षा फारसे अधिक मिळत नाही. ग्रेडिंगचे शुल्क, दोन्ही बाजूंचे टपाल आणि विमा एवढा खर्च अशा नाण्यावर वसूल होणार नाही. माझ्या मते चार प्रकारची नाणी पाठवावीत: ज्यांचे साल दुर्मिळ आहे ती; ज्यांचा छापभेद (त्याच नाण्याच्या ठशातला बारीक फरक) नाण्यांच्या सूचीत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, स्वतंत्र नोंदलेला आहे ती; जी जवळजवळ न वापरलेल्या अवस्थेत आहेत ती; आणि ज्यांच्या बनावट प्रती इतक्या फिरतात की पुराव्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही ती. चौथ्या प्रकारातील ठळक उदाहरण म्हणजे १९३९ चा चांदीचा रुपया. या नाण्याबाबत सालाचा शेवटचा आकडा कोरून बदललेला आहे का, ही शंका प्रत्येक जाणकार ग्राहक घेतोच.

शंभर वर्षांची रेघ

पीसीजीएस आणि एनजीसी या जगभर मान्यता असलेल्या दोन्ही कंपन्या अमेरिकेतील आहेत. पहिलीचे काम १९८६ मध्ये आणि दुसरीचे १९८७ मध्ये सुरू झाले. नवखा संग्राहक साहजिकच नाणे थेट तिकडे पाठवण्याचा विचार करतो. तसे करण्यापूर्वी पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ लक्षात घ्यावा. या कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे हे पुरावशेष ठरते आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणा सोडून इतर कोणालाही ते देशाबाहेर पाठवता येत नाही. नाणे परत येणार आहे किंवा ते केवळ तपासणीसाठी जात आहे, असे म्हटल्याने ही बंदी आपोआप उठत नाही. उल्लंघनासाठी किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैदेची आणि दंडाची तरतूद आहे.

याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. चौथ्या विल्यमचा १८३५ चा रुपया, व्हिक्टोरियाचा १८६२ चा, सातव्या एडवर्डचा १९०३ चा किंवा पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया परदेशी जाऊ शकत नाही. त्यांच्यासाठी देशांतच स्लॅब (प्रत छापलेल्या लेबलासह नाणे बंद केलेली प्लॅस्टिकची डबी) करून देणाऱ्या सेवेचा मार्ग धरावा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा किंवा १९४७ चा निकेलचा रुपया, तसेच स्वातंत्र्यानंतरची नाणी या बंदीत येत नाहीत. तरीही सालाविषयी सीमाशुल्क अधिकाऱ्याने शंका घेतल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. परत येणारे नाणे तेच आहे हे दाखवण्यासाठी छायाचित्र, वजन आणि मालाच्या निर्यातीची कागदपत्रे जाण्याआधीच तयार असली पाहिजेत. मध्यस्थ दलालामार्फत पाठवत असाल, तर त्याचे नाव संबंधित कंपनीच्या स्वतःच्या यादीत आहे की नाही, हे प्रथम पाहावे. ‘आम्ही जुनी नाणीही बाहेर पाठवून देतो, काळजी नको’ असे सांगणाऱ्याच्या हाती नाणे देऊ नये.

याच ओघात आणखी एक गोष्ट. शेतात किंवा घराच्या पायात सापडलेली नाणी ही बाजारातून घेतलेल्या नाण्यांसारखी नसतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि आजच्या भावात ही मर्यादा चांदीचा एकच रुपयादेखील ओलांडतो. नाशिक जिल्ह्यात हा विषय कागदावरचा नाही. १९०६ साली जोगलटेंभी येथे क्षहरात घराण्याचा राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. तो ठेवा फुटून बाजारात गेला असता, तर सातवाहनांनी क्षहरातांवर मिळवलेल्या विजयाचा सर्वांत ठोस पुरावाच हरवला असता.

छाप ओळखणे

यासाठी तीन वस्तू लागतात: दहापट मोठे दाखवणारे भिंग, शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि बाजूला सरकवता येईल असा एकच दिवा. छतावरचा दिवा बंद ठेवून टेबलदिव्याचा प्रकाश तिरपा पाडल्यास उठाव, ओरखडे आणि घासल्याच्या बारीक रेषा उठून दिसतात.

प्रथम वजन करावे. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एका तोळ्याचा. अर्धा रुपया ५.८३ ग्रॅमचा आणि पाव रुपया त्याच्या निम्मा. झिजलेले नाणे थोडे कमी भरते, परंतु नवेकोरे दिसणारे नाणे ११ ग्रॅमच्या खाली भरत असेल किंवा झिजलेले नाणे १२ ग्रॅम भरत असेल, तर ते तिथेच बाजूला ठेवावे. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयांत चांदी सुमारे ९१.७ टक्के होती. १९४० पासून ती ५० टक्के झाली आणि उरलेला भाग तांबे, निकेल व जस्त यांचा झाला. १९४७ चा रुपया पूर्ण निकेलचा असल्यामुळे लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. धातूविषयी शंका असेल, तर सराफ बाजारातील क्ष-किरणांनी कॅरेट मोजणाऱ्या यंत्रावर तपासणी करून घेता येते. त्याने नाण्याला काही होत नाही, मात्र ते यंत्र वरचा थरच मोजते, हे ध्यानात असू द्यावे. कसोटीच्या दगडावर नाणे घासू देऊ नये, आणि बंदा रुपया दगडी ओट्यावर आपटून त्याचा आवाज ऐकण्याची जुनी पद्धतही संग्रहातील नाण्यासाठी नाही.

त्यानंतर छापाकडे वळावे. व्हिक्टोरियाच्या १८४० सालाच्या रुपयाचेच पाहा. काही नाण्यांवर ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरे राणीच्या डोक्यावरून सलग जातात, तर काहींवर एक शब्द डावीकडे आणि दुसरा उजवीकडे, असे ते विभागलेले असतात. साल दोन्हींवर १८४० च असले, तरी विभागलेल्या अक्षरांचा रुपया त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी पाडला जाऊ लागला. चौथ्या विल्यमच्या १८३५ च्या रुपयावर मान जिथे कापली आहे तिथे भिंगाखाली पाहावे: कुठे ‘आर. एस.’ ही अक्षरे खोदलेली आढळतात, कुठे ‘एफ’ उठावात किंवा खोदलेला आढळतो, तर कुठे काहीच नसते. ही कलकत्ता टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची, अनुक्रमे रॉबर्ट सॉन्डर्स आणि विल्यम नायर्न फोर्ब्स यांची आद्याक्षरे होत. मानेचा तो काप गुळगुळीत झालेला असेल, तर ‘अक्षर नसलेला प्रकार’ असे अर्जावर लिहिण्याची घाई करू नये. अक्षर झिजून गेले असण्याचीच शक्यता अधिक.

सर्वाधिक कष्ट घ्यावे लागतात ते १८६२ च्या रुपयासाठी. १८६२ हे साल १८७४ पर्यंतच्या नाण्यांवर तसेच गोठून राहिले, आणि मुंबई टांकसाळीने मधली वर्षे सालाखालच्या व नक्षीतल्या बारीक ठिपक्यांनी दर्शवली, असे अभ्यासक मानतात. नाणे मागच्या बाजूने धरून १८६२ या आकड्यांच्या खाली, नक्षीच्या आतल्या अंगाला पाहावे. टिंब असेल तर ते गोल, स्वच्छ आणि उठावदार असते. मळाचा कण मऊ व काळसर दिसतो आणि धक्क्याने आलेल्या खुणेभोवती धातू सरकलेला दिसतो. नंतर वरच्या बाजूला, ‘वन’ या शब्दाच्या भोवती तसाच शोध घ्यावा आणि दोन्ही ठिकाणच्या ठिपक्यांची संख्या वेगवेगळी लिहून ठेवावी. राणीच्या झग्यावरील कशिद्याचे आणि मागच्या बाजूच्या फुलांच्या पाकळ्यांचेही प्रकार आहेत. ते सूचीतल्या चित्रांशी ताडून पाहावेत, आठवणीवर विसंबू नये. मोबाइलच्या कॅमेऱ्याने ठिपक्यांच्या जागेचे मोठे चित्र काढून ते अर्जासोबत जोडल्यास तपासणाऱ्याचे लक्ष नेमके तिथे जाते.

१९११ च्या रुपयाची ओळख त्यामानाने सोपी आहे. पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली, नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ पासून हत्तीची आकृती सुधारून घेतली गेली. सालच वेगळे असल्यामुळे येथे छापभेद सिद्ध करण्याचा प्रश्न नाही. आकडा मात्र अस्सल हवा.

टांकसाळीची खूणही नोंदवावी. ब्रिटिशकालात मुंबईसाठी ‘बी’ अक्षर, ठिपका किंवा चौकट (पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण) आणि लाहोरसाठी ‘एल’ आढळतो. स्वातंत्र्यानंतर मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा आणि नोएडाचा ठिपका ठरला. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. नाशिकरोडचा प्रेस येथे नाव मिळवून आहे तो नोटांमुळे, नाणी तिथे पाडली जात नाहीत; तरीही ‘नाशिक टांकसाळीचे नाणे’ म्हणून आधुनिक नाणे दाखवणारे विक्रेते भेटतात.

मराठेशाहीत मात्र नाशिकला टांकसाळ होती आणि तिथल्या रुपयांवर फारसी लिपीत गुलशनाबाद हे नाव येते. चांदवडच्या रुपयांवर जाफराबादचे नाव येते. ही नाणी हाताने ठोकलेली असून ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे मजकुराचा काही भागच उमटतो. टांकसाळीचे नाव चकतीबाहेर राहिले असेल, तर ती ओळख अर्जावर ठामपणे लिहू नये. अशा नाण्यांना यंत्राने पाडलेल्या नाण्यांची फूटपट्टी लावणे मला मुळातच पटत नाही. नहपानाच्या नाण्यावर सातकर्णीचा दुहेरी छाप किती स्पष्ट वाचता येतो, हे त्या नाण्याच्या झिजेच्या अंकापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. प्राचीन नाण्यांसाठी एनजीसी ठशाला आणि पृष्ठभागाला पाचपैकी वेगवेगळे गुण देते, ती पद्धत त्यामानाने न्याय्य वाटते. अशा नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिककरांना फार दूर जावे लागत नाही. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने १९८० साली नाणेशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली. ते संशोधनाचे ठिकाण आहे, नाण्याची किंमत सांगण्याचे दुकान नव्हे, एवढे भान ठेवून आणि आधी विचारून जावे.

शेवटी, ओळखलेल्या छापाचा क्रमांक शोधावा. क्राउझ आणि मिशलर यांच्या जागतिक सूचीतील ‘केएम’ क्रमांक लेबलावर सर्रास येतो. ब्रिटिश भारतासाठी सूचीकार प्रिडमोर यांचे क्रमांकही वापरले जातात. ज्या भेदाला सूचीत क्रमांक नाही, तो लेबलावर येण्याची आशा धरू नये.

प्रतीचा अंदाज

मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी ती मांडली आणि पुढे ती सर्व नाण्यांना लागू झाली. ६० पासून पुढचे अंक न वापरलेल्या नाण्यांचे; ५० ते ५८ किंचित झीज असलेल्या, ४० व ४५ ‘एक्सएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन), २० ते ३५ ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन), म्हणजे त्याहून अधिक झिजलेल्या नाण्यांचे. घरी नेमका अंक काढण्याचा अट्टहास नको. नाणे कोणत्या गटात बसते एवढे कळले तरी पुरे. उठावाच्या सर्वांत उंच जागा प्रथम झिजतात: व्हिक्टोरियाच्या बाबतीत कानावरचे केस आणि गाल, पंचम जॉर्जच्या बाबतीत मिशी, कान आणि मुकुटावरची नक्षी. दिव्याखाली नाणे हळूहळू फिरवताना चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरत उंच जागांवरूनही अखंड गेली, तर नाणे बहुधा वापरात आलेले नाही. उंच जागी ती तुटून करडी पडत असेल, तर झीज आहे. पॉलिश केलेले नाणे सगळीकडून सारखेच, आरशासारखे चकाकते आणि त्यात आरे फिरत नाहीत. तांब्याच्या नाण्यांवर मूळचा लालसर रंग किती शिल्लक आहे, याचीही वेगळी नोंद केली जाते.

पाठवण्याआधी नाणे उजळवण्याचा मोह टाळावा. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेली निळसर, करडी किंवा सोनेरी झाक हा दोष नव्हे, उलट ती शाबूत असेल तर किंमत वाढते. जुन्या पीव्हीसीच्या पाकिटामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल, तेवढा मात्र शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून, न घासता, काढता येतो. त्यासाठी काचेचे भांडे आणि उघडी खिडकी हवी, आणि जवळपास गॅस किंवा दिवा पेटलेला नसावा. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवात सुगंध आणि तेल असते, ते वापरू नये.

अर्ज, बांधणी आणि रवानगी

एका नाण्याला एक ओळ आणि पाकिटावर तोच अनुक्रमांक. देश, साल, मूल्य, टांकसाळ, सूचीक्रमांक, मागितलेला छापभेद आणि जाहीर किंमत हे रकाने भरावेत. छापभेदाच्या ओळखीसाठी वेगळे शुल्क असल्यास तो पर्याय आठवणीने निवडावा, अन्यथा सगळी मेहनत पाण्यात जाते. जाहीर किंमत वाजवी असावी. शुल्क वाचवण्यासाठी ती कमी लिहिली, तर नाणे गहाळ झाल्यावर भरपाईही तेवढीच मिळते.

नाणे कडेला धरून मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) मऊ पाकिटात ठेवावे. स्टेपलच्या पिना मारलेली पुठ्ठ्याची चौकट पाठवू नये, कारण ती उघडताना नाण्यावर ओरखडा उठतो. पाकिटे दोन पुठ्ठ्यांमध्ये आवळून, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, घट्ट खोक्यात ठेवावीत. खोके हलवल्यावर आत खुळखुळ ऐकू आली, तर बांधणी पुन्हा करावी. बाहेर नाण्यांचा उल्लेख नसावा. पुष्कळ खाजगी कुरियर कंपन्यांच्या अटींत नाणी आणि मौल्यवान धातू स्वीकारले जात नाहीत. तरी पार्सल गेले आणि हरवले, तर दावा फेटाळला जातो. म्हणून अटी वाचूनच सेवा निवडावी आणि पूर्ण किमतीचा विमा उतरवलेल्या टपालाला प्राधान्य द्यावे. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे, वजन आणि बांधणी करतानाचे चित्रीकरण जपून ठेवावे.

स्लॅब परत आल्यावर

प्रथम लेबलावरील क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा आणि तिथले वर्णन व छायाचित्र हातातल्या नाण्याशी जुळवावे. विकत घेतलेल्या स्लॅबबाबत तर हे करायलाच हवे, कारण बनावट स्लॅबही बाजारात आहेत. साल किंवा छापभेद चुकीचा छापला असेल, तर स्लॅब न उघडता लेखी दुरुस्ती मागावी. ही चूक प्रतीच्या वादाहून वेगळी मानली जाते. प्रतच कमी वाटत असेल, तर पुन्हा शुल्क भरण्याआधी एखाद्या अनुभवी संग्राहकाला नाणे दाखवावे. ‘डिटेल्स’ शेरा मिळालेले नाणे फोडून बाहेर काढून निर्दोष म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे.

संग्रहाच्या वहीत प्रत्येक नाण्यापुढे प्रमाणपत्राचा क्रमांक, वजन, सूचीक्रमांक आणि खरेदीच्या पावतीची तारीख लिहावी. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांच्या पावत्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेवाव्यात, कारण ती नाणी कुठून आली हे दाखवण्याची वेळ आल्यास स्लॅबवरील लेबल उपयोगी पडत नाही, पावतीच पडते.